राणीचा वेष : चित्रातला आणि इतिहासातला

फॅशन, वेशभूषा, छायाचित्रे, सिनेमाची पोस्टरे हे विषय अभ्यासाचे नव्हेत, ते फावल्या वेळचे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. इतिहासाच्या पुस्तकात लढाया, तह आणि सनावळ्या असाव्यात. कोणी काय नेसले होते हे सांगण्याचे काम कादंबरीकाराने करावे, असे आपण धरून चालतो. परंतु माणसाच्या मनात इतिहास साठतो तो बहुधा चित्रांच्या रूपाने. शिवाजी महाराज म्हटले की आपल्याला जिरेटोप दिसतो, लोकमान्य म्हटले की पगडी व उपरणे दिसते. सनावळी विसरली तरी पोशाख विसरत नाही. मग ज्या पोशाखाने इतिहासाची ओळख पटते, तो पोशाख खरा किती आणि मागाहून चढवलेला किती, हे तपासून पाहणे हा अभ्यासाचाच भाग ठरतो. प्रस्तुत लेखात मी हे एकाच उदाहरणावरून पाहणार आहे. ते उदाहरण म्हणजे झाशीची राणी लक्ष्मीबाई.

हेच उदाहरण निवडण्याचे कारण सांगते. लग्नानंतर मी ग्वाल्हेरला आले आणि गेली कित्येक वर्षे येथील हरिशंकरपुरम या वसाहतीत राहते. वसाहतीजवळचा मोठा रस्ता म्हणजे झाशी रोड. त्याने निघाले तर सुमारे शंभर किलोमीटरवर झाशी लागते. उलट दिशेने गावात शिरले तर थोड्याच वेळात फूलबाग येते, आणि फूलबागेजवळ राणीची समाधी आहे. तेथे घोड्यावर आरूढ झालेल्या राणीचा पुतळा आहे. राजकवी भा. रा. तांबे यांची समाधीवरची कविता आपण शाळेत पाठ केली, ती हीच समाधी. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिचेच पुढे 'लष्कर' हे शहर झाले. तेव्हापासून येथे मराठी कुटुंबे आहेत. शेजारची हिंदी भाषक मंडळी त्यांच्याकडून साहजिकच एक अपेक्षा करतात. शाळेत वेशभूषा स्पर्धा आली की कुठल्या तरी मुलीला राणी व्हायचे असते, आणि तिची आई आमच्या दारात येऊन विचारते, "आंटीजी, वह नौ गज़ की साड़ी कैसे बाँधते हैं?"

हल्ली नेसवण्याचीही गरज राहिलेली नाही. बाजारात शिवलेली नऊवारी भाड्याने मिळते. तिच्याबरोबर जिगाचा मुकुट, खोट्या मोत्यांचे दोन सर, प्लॅस्टिकची तलवार व ढाल, आणि पाठीला बांधायला एक बाहुली. हा सगळा संच 'झाँसी की रानी' या नावाने मिळतो. वसाहतीतल्या पाचसहा मुलींना असे सजवून दिल्यावर माझ्या मनात एक साधा प्रश्न आला, की हा पोशाख ठरवला कोणी? राणीला असा पोशाख केलेला कोणी पाहिला होता का?

प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची साक्ष

कोणत्याही ऐतिहासिक प्रश्नात आधी समकालीन साक्ष पाहावी, हे आपल्याला वर्गात शिकवले जाते. राणीच्या बाबतीत अशा साक्षी थोड्या आहेत, पण आहेत.

पहिला साक्षीदार जॉन लँग. हा मूळ ऑस्ट्रेलियातला वकील आणि लेखक. झाशी संस्थान खालसा करण्याचा निर्णय झाल्यावर १८५४ साली राणीने त्याला सल्ल्यासाठी बोलावले. भेट पडद्याआडून झाली. परंतु छोट्या दामोदररावाने पडदा बाजूला सारल्यामुळे लँगला राणी क्षणभर दिसली. आपल्या १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात तो सांगतो, की तिच्या अंगावर साधे, पांढरे, तलम मलमलीचे वस्त्र होते, आणि कानातल्या सोन्याच्या अलंकारांखेरीज दागिना दिसत नव्हता. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधररावांचे निधन झाले होते. ही भेट त्यानंतर काही महिन्यांतली. लँगने पाहिली ती एक तरुण विधवा होती.

दुसरा साक्षीदार आपल्या अधिक जवळचा. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल, एवढाच त्यांचा हेतू. वाटेत बंडाची धामधूम सुरू झाली आणि ते झाशीत जाऊन राहिले. शहराला वेढा पडला तेव्हाही ते तेथेच होते. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी आठवणी लिहून काढल्या, आणि चिंतामणराव वैद्यांनी त्या १९०७ साली 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध केल्या. लिखाण घटनेनंतर पंचवीसएक वर्षांनी झाले, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही डोळ्यांनी पाहणाऱ्या, आणि मराठीतूनच विचार करणाऱ्या माणसाची ही साक्ष आहे. कपड्यांच्या बाबतीत याला फार महत्त्व आहे, कारण कोणत्या वस्त्राला काय म्हणतात आणि ते कोण केव्हा वापरतो, हे त्यांना उपजत ठाऊक होते.

गोडसे भटजी राणीचे दोन वेष सांगतात. एक पुरुषी : पायजमा, अंगात बंडी, डोक्याला टोपी आणि तिच्यावर गुंडाळलेले पागोटे, कमरेला दुपेटा आणि तलवार. दरबारात आणि घोड्यावर असताना ती बहुधा या वेषात असे. दुसरा स्त्रीवेष : पांढरे वस्त्र, पांढरी चोळी, हातात बांगड्या, गळ्यात मोत्यांचा एखादा सर, बोटात हिऱ्याची अंगठी. नवरा गेल्यापासून नथ वगैरे अलंकार तिने घातले नाहीत. महालक्ष्मीच्या दर्शनाला ती कधी मेण्यातून जाई, कधी घोड्यावरून, आणि वाहन बदलले की वेष बदले.

तिसरे दृश्यही गोडसे भटजींचेच आहे. एप्रिल १८५८ च्या सुरुवातीस झाशी पडली आणि राणी काल्पीकडे गेली. पुढे त्या बाजूच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांची पुन्हा गाठ पडली. राणीच्या अंगावर पठाणी पोशाख होता आणि सर्वांग धुळीने माखले होते. भटजी पाणी काढून द्यायला पुढे झाले, पण तिने त्यांना थांबवले आणि स्वतः पाणी काढून ओंजळीने प्यायले. हे दृश्य मी जितक्यांदा वाचले तितक्यांदा मला ते पुतळ्यांपेक्षा अधिक जवळचे वाटले.

शेवटची साक्ष ग्वाल्हेरची. १७ जून १८५८ रोजी कोटा की सराय येथे लढाई झाली. राणीच्या मृत्यूची तारीख कोणी १७ देतात, कोणी १८. तिला मारणाऱ्या इंग्रज घोडेस्वारांना आपण कोणाशी लढत आहोत याचा पत्ता नव्हता, कारण तिचा वेष घोडदळातल्या स्वाराचा होता. गव्हर्नर जनरल कॅनिंग याच्या टिपणांत एक तपशील येतो. शिंद्यांच्या खजिन्यातली मोत्यांची माळ तिच्याकडे होती आणि मरतेसमयी तिने आपले दागिने शिपायांना वाटून टाकले, असे तो नोंदवतो.

या सगळ्या साक्षी एकत्र ठेवल्या की काय दिसते? राणीला एक ठरलेला असा 'ड्रेस' नव्हताच. घरात विधवेचे पांढरे वस्त्र, दरबारात अधिकार दाखवणारा मर्दानी पोशाख आणि रणात शिपायाचा वेष. काम बदलले की तिने कपडा बदलला, आणि तो विचारपूर्वक बदलला. रंगीत भरजरी शालू, भाळी मुकुट आणि हातात तलवार हे मात्र या साक्षींत एकत्र कुठेच येत नाही.

मग छायाचित्र का नाही?

विद्यार्थीमित्र येथे विचारतील, की मग तिचा फोटो पाहिला की झाले! मोबाईलवर तर राणीचे 'एकमेव अस्सल छायाचित्र' वर्षातून दोनदा तरी येते.

फ्रान्समध्ये दागेर याने आपली छायाचित्रणाची पद्धत १८३९ साली जाहीर केली. पुढच्या काही वर्षांतच कॅमेरा हिंदुस्थानात पोचला. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ साली निघाली, कलकत्ता व मद्रास येथे १८५६ साली. म्हणजे राणीच्या हयातीत फोटो निघणे अशक्य नव्हते. तरीही शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. लखनौ, कानपूर, दिल्ली येथील बंडाच्या खुणा टिपणारा फेलिचे बिआटो १८५८ साली इकडे आला तो मुख्यतः पडक्या इमारतींचे फोटो घेण्यासाठी. पडद्यातल्या एका संस्थानिक स्त्रीसमोर तिपाई मांडून बसण्याची मुभा परक्या पुरुषाला मिळणे किती कठीण होते, हे लँगच्या हकिगतीवरून कळतेच.

एक छायाचित्र १८५० साली हॉफमन नावाच्या छायाचित्रकाराने काढले असे म्हणतात. २००९ साली भोपाळच्या एका प्रदर्शनात ते मांडले गेले तेव्हा वर्तमानपत्रांतून त्याचा बराच गवगवा झाला. त्यात दागिन्यांनी मढलेली एक बैठी स्त्री दिसते. पण त्या काळची एखादी नोंद, पत्र किंवा मूळ प्रतीवरची खूण त्याच्या बाजूने पुढे आलेली नाही. अभ्यासकांनी ते राणीचे म्हणून स्वीकारलेले नाही. आता तर संगणकाकडून तयार करून घेतलेली 'छायाचित्रे' फिरू लागली आहेत. जुनाट तपकिरी रंग दिला, कडा थोड्या फाटक्या दाखवल्या, की ते खरे वाटते. आपल्याला राणीचा चेहरा पाहण्याची इतकी ओढ आहे, की पुरावा मागण्याचे भान राहत नाही.

येथे एका विरोधाभासाकडे लक्ष वेधते. राणीचा दत्तक पुत्र दामोदरराव पुढे इंदूरला राहिला आणि १९०६ साली वारला. त्याला छायाचित्रणाचा नाद होता असे लिहिलेले आढळते. आईचे अस्सल छायाचित्र हाती नसलेल्या मुलाने कॅमेरा हाती धरावा, याचा ज्याने त्याने विचार करावा.

पोशाख बनत गेला तो असा

अस्सल चित्र नाही, आणि लोकांना चित्र तर हवे. अशा वेळी ते पुरवायला चित्रकार, छापखाने, नाटके आणि सिनेमे पुढे येतात. यात कोणी फसवले असे म्हणण्याचे कारण नाही. प्रत्येकाने आपल्या साधनांनी आणि आपल्या गिऱ्हाइकाला ओळखू येईल असे चित्र काढले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या कालीघाट येथील पटकारांनी घोड्यावरची, हाती तलवार घेतलेली राणी रंगवली. या चित्रकारांनी झाशी पाहिली नव्हती. त्यांनी आपल्या नित्याच्या फटकाऱ्यांनी एक वीर स्त्री उभी केली. पुढे राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि रंगीत चित्रे घरोघर भिंतींवर गेली. रविवर्म्यांच्या अनेक देवता आणि पुराणस्त्रिया मराठी पद्धतीची साडी नेसतात. मराठी साडी ही अशा रीतीने देवीची साडी झाली. पुढच्या काळातल्या कॅलेंडरवाल्या चित्रकाराला राणी रंगवताना हा नमुना आयता मिळाला. राणी मराठी, म्हणून साडी मराठी. राणी पूज्य, म्हणून रंग व दागिने देवीचे. कॅलेंडर भिंतीवर वर्षभर राहायचे असते, त्याला लाल, हिरवा आणि सोनेरी रंग लागतो. पांढऱ्या लुगड्यातली राणी तेथे खपली नसती.

त्याच सुमारास रंगभूमीने एक वेगळे शिक्षण दिले. बालगंधर्व (१८८८–१९६७) भामिनी, रुक्मिणी या भूमिकांत जे शालू नेसत, जसे दागिने घालत, त्याचे अनुकरण सुखवस्तू घरांतल्या स्त्रिया करीत. पुरुषाने रंगवलेली स्त्री पाहून स्त्रियांनी आपला पेहराव ठरवावा, ही आपल्या सांस्कृतिक इतिहासातली गमतीची गोष्ट आहे. नाटकातला वेष घरात आला, आणि मग घरातला वेष म्हणून पुन्हा चित्रात गेला. मूळ कोणते आणि नक्कल कोणती, हे सांगणे अवघड व्हावे अशी ही ये-जा आहे.

स्वातंत्र्यानंतर शासनानेही हे चित्र उचलले. १८५७ च्या शताब्दीनिमित्त १९५७ साली निघालेल्या १५ नये पैशांच्या टपाल तिकिटावर अश्वारूढ राणी आहे. त्याआधी १९५३ साली सोहराब मोदी यांनी 'झाँसी की रानी' हा टेक्निकलर चित्रपट काढला, मेहताब यांना घेऊन. त्यासाठी हॉलिवूडचा छायालेखक अर्नेस्ट हॉलर याला आणले होते. रंग हे या चित्रपटाचे मोठे आकर्षण होते, आणि ज्या चित्रपटाने रंगासाठी एवढा खर्च केला त्याने नायिकेला पांढऱ्या कपड्यात बसवून ठेवावे, ही अपेक्षा फोल आहे. २०१९ च्या 'मणिकर्णिका'पर्यंत पडद्यावरची भव्यता वाढत गेली आहे.

पाठीवरच्या मुलाचेही असेच. १८५३ साली दत्तक घेतले तेव्हा दामोदरराव पाचएक वर्षांचा होता. म्हणजे १८५८ साली तो नऊदहा वर्षांचा मुलगा. चित्रांत आणि अनेक पुतळ्यांत तो तान्हा दिसतो. नऊदहा वर्षांचा मुलगा पाठीशी घेतला तर तो आई लढताना मधे मधे येईल. तान्हे मूल पदरात शोभते आणि मातृत्व चटकन सांगते. चित्राची गरज अशी वयही बदलून टाकते.

छायाचित्रे उपलब्ध असली की वेशभूषाकारावर किती बंधन येते, हे पाहायचे असेल तर 'गांधी' हा चित्रपट पाहावा. कोल्हापूरच्या भानू अथैया (१९२९–२०२०) यांना त्या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळाले, जॉन मोलो यांच्यासमवेत. ऑस्कर मिळवणारी ती पहिली भारतीय व्यक्ती. गांधीजींनी पंचा नेसण्याचा निर्णय सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला घेतला, हे जगाला माहीत. त्याच्या आधीची आणि नंतरची छायाचित्रे शेकड्यांनी उपलब्ध. तेथे पंच्याऐवजी जरीकाठी धोतर दाखवण्याची कोणाची छाती होणार नाही. राणीनेही गांधीजींसारखाच आपला वेष आपण ठरवला होता. परंतु तिच्या बाजूने साक्ष द्यायला कॅमेरा नव्हता, होते ते एका भिक्षुकाचे लिखाण.

जे वगळले त्याविषयी

येथवरचे विवेचन कोणाला नुसते कुतूहलाचे वाटेल. साडी पांढरी की हिरवी, याने राणीच्या पराक्रमात काय फरक पडतो? माझ्या मते पडतो, आणि तो का पडतो हे सांगण्यासाठी घरची एक गोष्ट सांगते.

माझ्या आजीची धाकटी बहीण आमच्याच घरी असे. तिला आम्ही माईआजी म्हणत असू. ती विशीच्या आत विधवा झाली. पुढची सारी वर्षे आलवणात आणि स्वयंपाकघरात गेली. घरातले लोणचे, पापड, बाळंतपणे, आजारपणे सगळी तिच्या हातची. आमच्या घरी एक जुना आल्बम आहे, काळ्या पुठ्ठ्याच्या पानांचा, कोपऱ्यांत चिकटवलेल्या फोटोंचा. मुंजी, लग्ने, डोहाळजेवणे, स्टुडिओत पडद्यासमोर बसवलेली बाळे, सगळे त्यात आहे. माईआजीचा फोटो मात्र एकही नाही. तिला कोणी मुद्दाम नको म्हटले होते असे नाही. फोटो हा शुभकार्यातला, आणि शुभकार्यात ती पुढे येत नसे. एवढे पुरेसे होते. लग्नाच्या ग्रुप फोटोच्या वेळी ती माजघरात पाने वाढण्याच्या तयारीत असायची. तिचा चेहरा माझ्याबरोबर जाईल.

आता याच्या शेजारी राणी ठेवून पाहा. ऐन तारुण्यात विधवा झालेली ही स्त्री नथ उतरवते, पांढरे नेसते, आणि त्याच दिवसांत पायजमा घालून दरबारही चालवते. त्या काळच्या रूढीने विधवेला जो कोपरा नेमून दिला होता, त्यात ती बसली नाही. पांढरा कपडा तिच्या आड आला नाही, हे तिच्या पराक्रमाचे एक मोठे अंग आहे. आपल्या लोकप्रिय चित्रांनी नेमके तेच पुसून टाकले. तिला पुन्हा रंगीत शालू, मोती आणि कुंकू देऊन आपण तिला 'शुभ' केले, मगच भिंतीवर टांगले. राणीचा गौरव झाला खरा, पण माईआजीसारख्या हजारो जणींना त्या चित्रातून जो धीर मिळाला असता तो मिळाला नाही. पांढऱ्या लुगड्यातली एक राणी भिंतीवर असती, तर लग्नाच्या ग्रुपमध्ये मागच्या रांगेत का होईना, माईआजीला कोणी हाक मारली असती का, हा प्रश्न मला पडतो.

चित्र नेहमीच वगळते असेही नव्हे. कधी ते नवे दारही उघडते. १९४३ साली सिंगापूरला सुभाषबाबूंनी आझाद हिंद सेनेत स्त्रियांचे पथक उभारले, त्याला राणीचेच नाव दिले. कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन त्याच्या प्रमुख. मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या कितीतरी मुलींनी तेथे आयुष्यात प्रथम शर्ट-पँट आणि टोपी चढवली. त्यांची छायाचित्रे उपलब्ध आहेत. ताठ रांगेत, खांद्याला बंदूक. कॅलेंडरवाल्या शालूपेक्षा हा गणवेश राणीच्या खऱ्या वेषाच्या जास्त जवळ आहे, असे ती छायाचित्रे पाहताना वाटते.

आपल्या दाराशी

आपल्या नियतकालिकाला मराठी आणि कन्नड असे दोन्ही विभाग आहेत, म्हणून शेवटी कन्नड मुलखातले उदाहरण घेते. बेळगावला आणि हुबळीला ज्यांच्या नावाचे चौक आहेत, त्या कित्तूरच्या राणी चन्नम्मा. बेळगावजवळच्या काकतीचा त्यांचा जन्म. पती मल्लसर्ज १८१६ साली वारले. दत्तक वारस कंपनीने मानला नाही. ऑक्टोबर १८२४ मध्ये कित्तूरला लढाई होऊन कलेक्टर थॅकरे मारला गेला. पुढे कित्तूर पडले, आणि चन्नम्मा बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत असताना १८२९ साली वारल्या. छायाचित्रणाची पद्धत जाहीर व्हायला अजून दहा वर्षे होती. म्हणजे येथे अस्सल फोटोचा प्रश्नच येत नाही.

तरीही चन्नम्मा कशा दिसत हे आपल्याला 'माहीत' आहे. घोड्यावर, कासोटा घातलेल्या साडीत, उगारलेल्या तलवारीसह. १९६१ साली बी. आर. पंतुलूंच्या कन्नड चित्रपटात बी. सरोजादेवींनी ती भूमिका केली आणि तो चेहरा एका पिढीच्या मनात बसला. दोन राण्या, दोन भाषा, मध्ये चौतीस वर्षांचे अंतर. दोघी विधवा, दोघींचा दत्तक नाकारलेला, आणि पुतळे पाहिले तर दोघी बहिणी शोभाव्यात इतक्या सारख्या. हा सारखेपणा इतिहासातून आला किती आणि मूर्तिकारांच्या सवयीतून आला किती, हे शोधण्यासारखे आहे. आपल्या महाविद्यालयातल्या मराठी आणि कन्नड विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून हा अभ्यास हाती घेतला तर फार बरे होईल.

अशा अभ्यासाला मोठी साधने लागत नाहीत. कोणतेही ऐतिहासिक चित्र, पुतळा किंवा सिनेमातला पोशाख समोर आला की चार प्रश्न विचारावेत. हे केव्हाचे आहे? करणाऱ्याने त्या व्यक्तीला, निदान त्या काळाला, पाहिले होते का? त्याच्या साधनांनी, म्हणजे शाईने, कॅमेऱ्याने, गिऱ्हाइकाने, त्याला काय करायला भाग पाडले? आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : यात काय दाखवलेले नाही? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे चित्राकडे पाहून आणि थोडे वाचून मिळतात. चौथ्यासाठी मात्र घरातल्या वृद्ध माणसांशी बोलावे लागते, जुने आल्बम काढावे लागतात, आणि त्यात कोण नाही याची यादी करावी लागते. ती यादी आज करता येईल; सांगणारी माणसे गेल्यावर करता येणार नाही.

गेल्या वर्षी वसाहतीतली एक मुलगी राणी व्हायला आली. तिला मी गोडसे भटजींची हकीगत सांगितली आणि विचारले, तुला कोणती राणी व्हायचे आहे? तिने थोडा विचार केला. भावाचा पायजमा, आईची पांढरी ओढणी कमरेला, डोक्याला एक पागोटे, असा तिचा वेष आम्ही घरच्याच कपड्यांत उभा केला. स्पर्धेत तिला बक्षीस मिळाले नाही. ही कोण, हे परीक्षकांना ओळखता आले नाही म्हणे. तिने मात्र घरी येऊन मला सांगितले, "आंटीजी, ह्या कपड्यांत पळता येते."